सलाईनचं चाक

मी काय काम करते हे बाबा लोकांना सांगायला लागले की मी शक्यतो दुसऱ्या खोलीत निघून जाते. "ही रक्तात फुगे सोडते," असं ते सांगतात. ऐकणारा माझ्याकडे जपून बघतो आणि बाबांना फार आनंद होतो. यात चुकीचं असं काही नाही, म्हणून तर जास्त राग येतो. बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत आम्ही चरबीचे इतके बारीक फुगे बनवतो की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत. त्यांच्या पोटात औषध भरता येतं. असे फुगे रक्तात पडल्यावर रक्त काय म्हणतं, ते बघणं हे माझं काम. रक्त बहुतेक वेळा वाईटच बोलतं.

शरीरात प्रतिकारशक्ती दोन तऱ्हेची असते. एक शिकलेली. एकदा गोवर येऊन गेला की जन्मभर त्याचा चेहरा लक्षात ठेवणारी. दुसरी जन्मतःच आलेली. तिला शिक्षण नाही, आठवणही फारशी नाही, पण हजर मात्र पहिली. समोर परका पृष्ठभाग दिसला की रक्तातली काही प्रथिनं कसलीही चौकशी न करता त्याला जाऊन चिकटतात आणि आरडाओरडा करून बाकीच्या पेशींना बोलावून घेतात. म्हणून फुग्यांना बाहेरून पाणी धरून ठेवणारं एक आवरण चढवतात. प्रथिनांनी त्यावरून घसरून पडावं अशी अपेक्षा असते. बहुतेक पडतात. जी पडत नाहीत त्यांच्यावर माझा पगार निघतो.

बाबा निवृत्त इंजिनियर. महाराष्ट्रातून बदली होऊन इथल्या एका सरकारी कारखान्यात आले आणि सगळी नोकरी त्यांनी नळ्या, पंप आणि वॉल्व्ह यांच्यात काढली. जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ फ्लोमध्ये आहे, असं त्यांचं मत होतं. गीझरचं पाणी कोमट आलं, फ्लो. बेळ्ळंदूरला गाड्या तुंबल्या, फ्लो. शेजारच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा, "दोघांचा फ्लो मॅच झाला नसणार," एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

त्यांच्या विभागात एक रीत होती. एखादा भाग बिघडला की सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, आणि ज्याच्या हातून झालं असेल त्यानं आधी बोलायचं. ओरडा नाही, शिक्षा नाही. काय झालं तेवढं सांगायचं. ही रीत बाबांनी घरी आणली. दूध उतू गेलं की मीटिंग. मी गणितात नापास झाले की मीटिंग. जेवणाच्या टेबलाशी अध्यक्ष म्हणून बाबा बसायचे, मी आरोपी, आणि आई हातात शिवण घेऊन यायची. जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज आई शिवते. तुरपाई आणि हुक ती मशिनवर कधी करत नाही. गल्लीभर तिला अक्का म्हणतात, आणि अक्कांचा ब्लाउज कधी उसवत नाही असा तिचा लौकिक आहे.

आईचा अंडाशयाचा कॅन्सर परत आला तेव्हा मीटिंग झाली नाही. त्यात कुणाच्या हातून काही झालेलं नव्हतं.

पहिल्या वेळच्या औषधानं आईची बोटं बधिर झाली होती. सुई टोचलेली कळायची नाही. कापडावर रक्ताचा ठिपका दिसला की कळायचं. तेव्हा ती शिवण बाजूला ठेवून हात धुऊन यायची आणि परत बसायची. पुष्कळ महिन्यांनी बोटं परत आली. या वेळी डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं. त्यानं तळहात कधी कधी सोलवटतात, पण बोटं बधिर होत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं. औषध चरबीच्या फुग्यांत भरलेलं होतं.

"म्हणजे तुझे फुगे?" आईनं विचारलं.

"माझे नाहीत. तसलेच, पण दुसऱ्यांचे."

"मग घेते," ती म्हणाली.

हॉस्पिटल महादेवपुऱ्याच्या बाजूला होतं. आमच्या घरापासून तिथे जायचं म्हणजे रिंग रोड आला, आणि रिंग रोडचा बाबांनी अभ्यास केलेला होता. चारच्या आत हॉस्पिटलमधून निघालं तर माणूस घरी येतो, चारनंतर निघालं तर त्याच्या घरी पोचण्याबद्दल कुणी काही सांगू शकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. औषध चालू व्हायला दुपार झाली. सिस्टरनी सलाईन लावलं, नळीवरचं छोटं चाक फिरवून थेंब अगदी सावकाश केले आणि म्हणाल्या, "स्वल्प स्लो आगी होगली." थोडं सावकाश जाऊ दे. बाबांना इतक्या वर्षांत कन्नड चांगलं येतं. "सरी, सरी," म्हणाले. मग किती वेळ लागेल ते विचारलं, उत्तर ऐकलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. आई डोळे मिटून पडली होती. मी कॉफी आणायला खाली गेले.

परत आले तर पडदा ओढलेला होता. आत आईचा चेहरा वीट भाजल्यासारखा लाल झाला होता. नाकावर ऑक्सिजन, श्वास लागलेला. पाठ मोडतेय असं ती तुटक तुटक सांगत होती. रक्तदाब खाली आलेला. सिस्टरनी सलाईन आधीच बंद केलं होतं आणि दुसऱ्या हातात इंजेक्शन देत होत्या. बाबा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

मला हे सगळं माहीत होतं. प्रथिनं फुग्यांना चिकटणार, पेशी खवळणार, छाती आवळणार, पाठीत कळ येणार, आणि हे सगळं पहिल्याच भेटीत, पहिल्या काही मिनिटांत होणार. मी ते काचेच्या नळीत पुष्कळदा पाहिलं होतं, त्यावर भाषणं दिली होती. नळीत तो फक्त रंगातला बदल असतो. नळीला पाठ नसते आणि ती माझी आई नसते. मी कॉफीचा कप धरून उभी राहिले. मला इतकी भीती वाटत होती की कप खाली ठेवायचंही सुचलं नाही.

थोड्या वेळानं आई सावरली. लाली उतरली, दाब वर आला. "कॉफी गार झाली असेल," ती म्हणाली.

डॉक्टर आईच्या पलंगाशी येऊन आमच्याशी बोलल्या. त्या सरळ बोलणाऱ्या बाई आहेत. ही नेहमीची ॲलर्जी नव्हे, असं त्यांनी समजावलं. ॲलर्जी व्हायला आधीची ओळख लागते. हे शरीराचं पहिल्या भेटीतलं बिथरणं. औषध भसाभसा गेलं की असं होतं. तसं झालं असेल तर पुढच्या वेळी अगदी थेंबथेंब द्यायचं. बहुतेकांचं शरीर ते मुकाट्यानं घेतं. "पण इथे तर आपण सावकाशच सुरू केलं होतं," त्या म्हणाल्या. "इतक्या हळू देऊन इतकं झालं असेल, तर परत द्यायची माझी हिंमत नाही."

सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, मी हळूच ठेवलं होतं, बंद करायला आले तेव्हाही हळूच होतं. बाबा खाली बघत होते.

"मग पुढच्या आठवड्यात या. जुनंच औषध परत द्यावं लागेल असं दिसतंय."

"सुई धरता येईल का?" आईनं विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाल्या. त्या "बघू"चा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

घरी पोचायला अर्थातच रात्र झाली. दुसऱ्या दिवशी बाबांनी मीटिंग बोलावली. आई एका हिरव्या ब्लाउजला हुक लावत बसली, मी समोर बसले, आणि बाबांनी कारणं मांडायला सुरुवात केली. सकाळची इडली कदाचित आंबलेली असेल. एसीचा झोत थेट अंगावर होता. औषधाचा बॉक्स उन्हात, ट्रॅफिकमध्ये अडकला असेल. दुकानदाराचा फ्रीज लाइट गेल्यावर बंद पडला असेल. बॅचच खराब असेल. मुळात असले फुगे माणसाच्या रक्तात घालावेतच कशाला, निसर्गाला ते मान्य नाही, हेही झालं. इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "तिच्या शरीरानंच नको म्हटलं. शरीराचं ऐकावं. ते औषध नकोच."

मी ऐकत होते आणि मला काहीतरी खटकत होतं. काय, ते कळायला वेळ लागला. गीझरपासून घटस्फोटापर्यंत प्रत्येक गोष्टीत फ्लो शोधणारा माणूस एका सलाईनबद्दल इतका वेळ बोलला आणि त्यानं फ्लो हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

"बाबा, आणि फ्लो?" मी विचारलं.

"फ्लो ठीक होता," ते म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला बाल्कनीत गेले. बाहेर पाऊस पडत होता.

मी त्यांच्या मागे गेले. मला सरळ विचारायची सवय आहे आणि मी सरळ विचारलं, "चाक तुम्ही फिरवलंत का?"

"उभी हयात मी वॉल्व्ह हाताळले. मला शिकवू नकोस."

हे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. त्यांच्या झारीतलं पाणी कुंडीऐवजी त्यांच्याच पायांवर पडत होतं. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही संताप आला. कारण हिशेब अगदी सोपा होता. औषध दोषी ठरलं की बाबा सुटत होते आणि आईची बोटं जात होती. चाक फिरलं होतं असं कळलं की आईला औषध मिळत होतं आणि बाबा उघडे पडत होते. आणि बाबा ते औषध नको म्हणून हट्टाला पेटले होते. तो आठवडाभर फोनवर, फाटकाशी, भाजीवाल्याकडे, जो भेटेल त्याला ते सांगत होते, "अंगाला मानवत नाही तिला." शेजारच्या कानडी बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली तेव्हा माझ्या तोंडाशी आलेले शब्द मी गिळले.

मी आईला सांगितलं की मी डॉक्टरांशी बोलणार आहे.

"काय बोलणार?"

"की बाबांनी चाक फिरवलं."

"तू पाहिलंस?"

"नाही. पण सगळं तसंच दिसतंय."

"दिसतंय," आई म्हणाली आणि दोरा दातानं तोडला. "पाहिलं नाहीस ना? मग?"

पुराव्याच्या मुद्द्यावर मला गप्प बसवणं आमच्या प्रयोगशाळेत अजून कुणाला जमलेलं नाही. मी गप्प बसले, पण बोलायचं नक्की केलं होतं. पुरावा नसला तरी शंका सांगता येते. हॉस्पिटलला जायच्या दिवशी गाडी चालवताना मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मागे दोघंही बाहेर बघत बसले होते. बाबांनी ट्रॅफिकबद्दल एक शब्द काढला नाही, आणि ट्रॅफिक खूप होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, जुन्या औषधाचं नाव लिहायला पेन उचललं. मी म्हणाले, "डॉक्टर, मला वाटतं..."

टेबलाखाली आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. लहानपणी लग्नकार्यात मी मोठ्यानं काही विचारलं की काढायची तसा, पिरगाळून. मी थांबले. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. बाहेर कुणाचा तरी टोकन नंबर पुकारत होते. मला वाटलं, झालं, आता त्या लिहिणार.

"ऑपरेटर एरर, डॉक्टर," बाबा म्हणाले. ते कारखान्यातल्या इंग्रजीत बोलत होते आणि खुर्चीत ताठ बसले होते. "आय ओपन्ड द वॉल्व्ह."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी कॉफी आणायला गेली. सिस्टर दुसऱ्या पलंगाकडे होत्या. थेंब पडताना बघून त्यांना वाटलं की इतका मंद फ्लो काही शास्त्रीय नाही, नळीत याहून कितीतरी जास्त क्षमता आहे. चारच्या आत निघता येईल. त्यांनी चाक सरळ वर सरकवलं. पत्नीचा चेहरा लाल झालेला दिसल्यावर त्यांनी ते परत होतं तिथे आणून ठेवलं आणि सिस्टरना हाक मारली. "सिस्टर तपासायला आल्या तेव्हा सेटिंग बरोबर होतं," ते म्हणाले. "ते मीच बरोबर केलं होतं. त्यांची चूक नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मला वाटलं, आता डॉक्टर ओरडतील. त्यांना अधिकार होता. पण त्यांनी उचललेलं पेन खाली ठेवलं. "अंकल," त्या म्हणाल्या, "परत असं केलंत तर तुम्हाला या मजल्यावर येऊ देणार नाही. पण आज तुम्ही मला चांगली बातमी दिली आहे."

बाबांच्या चेहऱ्यावर त्या चांगल्या बातमीचं काही दिसलं नाही. ते उठले आणि थेट सिस्टरकडे गेले. "तप्पायितु, सिस्टर," म्हणाले. चुकलं माझं. भर कॉरिडॉरमध्ये, हात जोडून. सिस्टर गोंधळून "सरी, अंकल, सरी" म्हणत राहिल्या. मी बाबांना कुणासमोर हात जोडलेलं आजवर देवळातही फारसं पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा अजिबात राग आला नाही.

औषध पुन्हा द्यायच्या दिवशी आधी दोन इंजेक्शनं दिली, मग सलाईन लावलं. सिस्टरनी चाक नेहमीपेक्षाही कमी उघडलं आणि त्यावर चिकटपट्टीचे वेढे दिले. मग बाबांकडे वळून, हसू न येऊ देता म्हणाल्या, "मुट्टबेडी." हात लावू नका. बाबा आत थांबलेच नाहीत. दाराच्या काचेबाहेर पाठमोरे उभे राहिले.

मी थेंबांकडे बघत होते, मग आईच्या चेहऱ्याकडे, मग परत थेंबांकडे. आत काय चाललं असेल याचं चित्र मला नको तितकं स्पष्ट दिसत होतं. थोडे थोडे फुगे येत असतील, थोडी थोडी प्रथिनं चिकटत असतील, आणि गोंधळ करावा इतकी गर्दी काही होत नसेल. धोक्याची मिनिटं गेली. आईच्या गालावर किंचित लाली आली आणि उतरली. रक्तदाब जागेवर राहिला. सिस्टर दोनदा येऊन बघून गेल्या.

मग मला चिमटा आठवला.

"तुला माहीत होतं," मी आईला म्हणाले.

"मी झोपले थोडीच होते? डोळे मिटले होते नुसते. मध्येच उघडले तर हे चाकाशी."

"आणि तू बोलली नाहीस! तेव्हाही नाही, नंतरही नाही. आठवडाभर ते औषधाला शिव्या देत होते आणि तू हुक लावत बसलीस!"

"हळू बोल. ते बाहेर आहेत."

मी हळू बोलले, पण माझा संताप झाला होता आणि मला रडूही येत होतं. "आणि ते बोललेच नसते तर?"

"तर जुनं औषध घेतलं असतं."

"बोटं गेली असती, आई."

"गेली असती," आई म्हणाली. बाजारात मेथी नव्हती म्हणून पालक आणला, हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.

"मला सांगू दिलं असतंस तर एवढं झालंच नसतं. मी बोलणारच होते."

"तू सांगितलं असतंस तर ते पकडले गेले असते." तिनं सलाईन नसलेला हात उचलून पांघरूण नीट केलं. "पकडलेल्या माणसाबरोबर उरलेले दिवस काढायचे होते का मी?"

उरलेले, हा शब्द तोवर आमच्या घरात कुणीही वापरला नव्हता. मी दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे बाबा तसेच पाठमोरे उभे होते.

"जा, त्यांना आत बोलाव," आई म्हणाली. "उभं राहून पाय दुखतील त्यांचे."